भिंगारदिव्यांचे चाळीस सेकंद

"चाळीस सेकंद," भीमराज भिंगारदिवे म्हणाले आणि त्यांनी माऊसवर हात ठेवला. "घड्याळ लावा, आरतीताई. एक्केचाळिसावा सेकंद लागला तर भिंगारदिवे नाव लावणार नाही."

आरतीनं मनगट वळवून घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. ऑफिसातली ती सगळ्यात धाकटी क्लार्क. भीमराजांवर, म्हणजे तिच्या भाऊसाहेबांवर, हसायचं तर तोंडावर हसायचं, मागं नाही, एवढी इमानदारी तिनं तीन वर्षं सांभाळली होती. दारात शिपाई आसाराम उभा होता, अनवाणी. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून यायचं नाही हा नियम त्यानंच केला होता. दसऱ्याला मॉनिटरला लावलेलं हळदीकुंकू मे महिना आला तरी तो कुणाला पुसू देत नव्हता.

"हां, सुरू," आरती म्हणाली.

भीमराजांनी वरच्या विंडोच्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली. विंडो मिटली नाही. तिच्या पोटातून एक लहान करडी चौकट वर आली आणि मधोमध येऊन बसली. 'केलेले बदल जतन करायचे आहेत काय?' खाली तीन बटणं होती. होय. नाही. रद्द.

भीमराजांनी चष्मा वर सरकवला.

"बदल कुणी केले?"

सरकारी ऑफिसात हा प्रश्न विचारला की पंख्याचा आवाज एकदम मोठा ऐकू यायला लागतो.

"एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस," आरती म्हणाली. "आता आडनाव काय लावायचं, भाऊसाहेब?"

नगरच्या त्या विहीर नोंदणी कार्यालयात कॉम्प्युटर येऊन आठ महिने झाले होते. जिल्ह्यातल्या सगळ्या विहिरी त्यात घालायच्या होत्या, तालुक्यागणिक एक यादी, अशा तेरा याद्या. पुण्याच्या कुणीतरी खास मराठीतून प्रोग्राम करून दिला होता. तो चालवायला माणूस हवा म्हणून भीमराजांनी पंचावन्नाव्या वर्षी चितळे रोडच्या क्लासला तीन महिने जाऊन सर्टिफिकेट आणलं होतं. क्लासमध्ये त्यांच्या शेजारी अकरावीतल्या पोरी बसायच्या आणि त्यांना 'काका, तुमचा कॅप्स लॉक' एवढंच म्हणायच्या.

कॉम्प्युटर आला, पण ऑफिसची रीत जुनीच राहिली. टेबलावर उघडलेली फाईल कुलथे साहेबांनी 'पाहिले' असं लिहून सही केल्याशिवाय मिटायची नाही. मिटली तर मिटवणारा जबाबदार. ही रीत साहेबांच्याही आधीची, बहुतेक इमारतीच्याही आधीची. त्यामुळं ज्यानं जी यादी पडद्यावर उघडली, ती त्यानं तशीच ठेवली. दुसऱ्याला ती सापडली नाही की त्यानं तीच यादी पुन्हा उघडली. साहेबांनी आजवर फक्त पारनेर पाहिलं होतं. पडद्यावर सही करता येईना म्हणून त्यांनी चिठ्ठीवर 'पाहिले' लिहून दिलं आणि आसारामनं ती डिंकानं मॉनिटरच्या कडेला चिकटवली. बाकीचे बारा तालुके आठ दिवस उघडेच होते. मशीन बंद केलं तर सगळंच मिटेल म्हणून आठ दिवस मशीनही बंद केलेलं नव्हतं. खालच्या पट्टीवर विंडोंची बटणं अशी दाटली होती, जशी बाजारच्या दिवशी जीपमध्ये माणसं. आरतीनं सकाळी मोजली होती. छत्तीस.

एरवी भीमराजांनी छत्तीसच्या छप्पन्न होऊ दिल्या असत्या. पण छत्तिसावी त्यांची होती.

छत्तिसाव्या विंडोत त्यांच्या बदलीचं पत्र होतं. त्यांची बायको भागिरथी खर्ड्याच्या शाळेत मास्तरीण. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि त्यातली जेमतेम चार दोघांनी एका छपराखाली काढली होती. बाकी सगळा संसार शनिवार संध्याकाळच्या जामखेड गाडीनं जायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायचा. आता रिटायरला तीन वर्षं उरली होती. जामखेडच्या ऑफिसात एक जागा रिकामी होती. जामखेडहून खर्डा म्हणजे सायकलवर डबा धाडावा इतकं जवळ, असं भागिरथी म्हणायची; होतं पंचवीस किलोमीटर, पण शंभराच्या मानानं तिचं बरोबरच होतं. बदल्यांचे प्रस्ताव द्यायची आज शेवटची तारीख. बारा वाजता नाशिकचे साहेब तपासणीला येणार होते आणि एक वाजता शिर्डीला दर्शनाला जाणार होते. मधल्या तासात पत्र छापून निघालं, कुलथे साहेबांची सही झाली आणि नाशिकच्या साहेबांनी मान डोलावली, तर झालं. नाहीतर पुढचा मे.

पत्र टाइप करून तयार होतं. प्रिंटरला रिबन नवीन होती. भीमराजांनी छापायचा हुकूम दिला, तेव्हा मशीननं सांगितलं, 'मेमरी अपुरी आहे. कृपया काही विंडो बंद करा.'

म्हणून बाकीच्या विंडो मिटवायला चाळीस सेकंद.

"ह्यात बदल काय झालाय ते तरी बघू," आरती म्हणाली. तिनं 'रद्द' दाबायला लावलं आणि यादी वरखाली केली. जामखेड तालुका होता. खर्ड्याच्या एका विहिरीपुढं खोलीच्या रकान्यात आकडा होता चार. त्याच्यापुढं अजून चार. मग पुन्हा चार. रकाना भरून आकडे शेजारच्या मालकाच्या नावात घुसले होते.

"एवढी खोल?" भीमराज म्हणाले. "आमच्या सासुरवाडीला?"

"भाऊसाहेब, ही विहीर पलीकडून अमेरिकेत निघती."

दोघांनी दुसरी विंडो बघितली. पाथर्डी. तिथं एका गावाच्या नावानंतर चौदा वेळा 'र' होता. कर्जतमध्ये नुसतीच मोकळी जागा, दीड पान. आरतीनं हळूच मान वळवून दाराकडं बघितलं. आसारामच्या खांद्यावर पिवळं फडकं होतं.

"आसाराम," भीमराज म्हणाले, "सकाळी मशीन पुसतो का तू?"

"रोज. न चुकता."

"हे बटणांचं बी?"

"त्येच तर लई घान हुतं. दाबून पुसावं लागतं. बोटांचा मळ आसतो ना तुमच्या."

"मशीन चालू असताना?"

"बंद कुठं आसतं ते?"

भीमराजांनी डोळे मिटून नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्यानं पडलेले खड्डे चोळले. तीस वर्षं टाइपरायटर बडवून त्यांच्या उजव्या खांद्यात एक कळ येऊन बसली होती. ती अशा वेळी उठायची.

आता 'होय' म्हणावं तर आसारामचं फडकं सरकारी रेकॉर्डला लागतं. 'नाही' म्हणावं तर नुसतं फडकं जात नाही. आरतीनं आठ दिवस खपून शेवगाव, पाथर्डी आणि कर्जतच्या चुका दुरुस्त केल्या होत्या, त्याही ह्याच उघड्या विंडोंत होत्या. जतन केल्या नव्हत्या, कारण साहेबांनी पाहिल्या नव्हत्या.

"साहेबांना विचारू," भीमराज म्हणाले.

कुलथे साहेब त्यांच्या केबिनमध्ये टाय बांधत होते. टाय त्यांना वर्षातून दोनदा लागायचा आणि दोन्ही वेळा गाठ विसरलेली असायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बदल मंजूर करायचे, तर बदलांची टिपणी लागेल," ते म्हणाले. "प्रत्येक विंडोची वेगळी."

"साहेब, छत्तीस हैत."

"मग नामंजूर करा."

"त्याला?"

"त्यालाही टिपणी लागेल. कारणासहित." साहेबांनी गाठ ओढली, ती गळ्याशी न येता पोटाकडं गेली. "भिंगारदिवे, हे पाहा, माझ्या लेखी तुम्ही मला काही विचारलेलंच नाही. फक्त साहेब येतील तेव्हा पडदा साफ पाहिजे. श्रीरामपूरला त्यांनी एकाला उभं केलं. म्हणाले, एवढं उघडं टाकून तुम्हाला झोप कशी लागते? आणि तुमचं पत्र छापा लवकर. जोरकस लिहिलंय ना?"

जोरकस लिहिलं होतं. भीमराजांच्या पहिल्या मसुद्यात फक्त बायको होती. कुलथे साहेबांनी तो परत केला होता. बायको खर्ड्याला आहे हे कारण होत नाही, सगळ्यांच्या बायका कुठं ना कुठं असतातच. काहीतरी कौशल्याचं लिहा, म्हणजे जामखेडवाले मागून घेतील. मग भीमराजांनी सांगायचं आणि आरतीनं टाइप करायचं, असं दोघांनी मिळून भीमराजांची स्तुती केली. स्वतःची स्तुती सांगताना भीमराज अडखळायचे, तेव्हा आरती मनानं घालायची. 'संगणकावरील कितीही विंडो अल्पावधीत बंद करण्यात श्री. भिंगारदिवे निष्णात असून जिल्ह्यात त्यांचा हात धरणारे कोणी नाही' हे वाक्य तिचंच होतं. भीमराज ते काढा म्हणाले होते. तिनं काढलं नव्हतं.

ते खोलीत परत आले. साडेअकरा झाले होते. भीमराज खुर्चीत बसले आणि हात मांडीवर ठेवून पडद्याकडं बघत राहिले, जशी माणसं सुटून गेलेल्या गाडीच्या मागच्या काचेकडं बघतात.

"राहू द्या," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

"का?"

"तुमचं आठ दिवसांचं काम हाय त्यात, आरतीताई. शेवगाव तर तुम्ही दोनदा केलंय."

आरतीनं टेबलावरची पिन उचलली, नखाखाली फिरवली, परत डबीत टाकली.

"मावशींनी गेल्या वेळी धपाटे बांधून दिलेले ना तुमच्याबरोबर," ती म्हणाली. भागिरथीला ती न बघताच मावशी म्हणायची. "सोमवारी ते ऑफिसात येईस्तोवर वातड होतात. कधीतरी गरम खा की. दाबा 'नाही'."

"अहो, पण..."

"दाबा म्हणते ना. विहिरी कुठं पळून जात्यात? परत टाइप करीन. आसाराम, तुम्ही ते फडकं आधी बाहेर ठेवून या."

भीमराजांनी माऊस बाजूला सारला. क्लासमध्ये शिकवलेली एक युक्ती त्यांच्या बोटांत होती, डोक्यात नव्हती. डाव्या अंगठ्यानं एक बटण दाबून धरायचं, वरच्या रांगेतलं चौथं मारायचं, की विंडो मिटायला निघते; चौकट प्रश्न विचारते; उजव्या हातानं 'नाही' म्हणायचं. शेवगाव. नाही. पाथर्डी. नाही. पुन्हा पाथर्डी. नाही. खर्ड्याची ती पाताळात गेलेली विहीर मिटली. कर्जत, श्रीगोंदा, नेवासे, पुन्हा शेवगाव. आरती खिडकीबाहेर बघत होती. तालुक्यांमागून तालुके पडत गेले. राहुरी दोनदा, कोपरगाव चारदा, कारण कोपरगावच्या विहिरी कुणालाच एका वेळी सापडत नसत. शेवटी पडद्यावर एकच विंडो राहिली. पत्राची. भीमराजांचा अंगठा बटणावर होता. तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरून उचलला.

प्रिंटर करकरायला लागला. असा आवाज एरवी त्यांच्या दाढेतून जायचा; आज त्यांनी तो उभं राहून ऐकला. पत्र निघालं, मग तीही विंडो त्यांनी मिटली आणि कुलथे साहेबांची सही घेतली.

बाराला पाच कमी असताना नाशिकचे साहेब आले. ठेंगणे, गोरे, हातात रुमाल. दारात आसारामनं त्यांच्या बुटांकडं बघितलं. साहेबांनी आसारामकडं बघितलं. कुलथे साहेब मधे काही बोलायच्या आत नाशिकचे साहेब मुकाट्यानं बूट काढून मोज्यांनी आत आले. त्यांनी पडद्याकडं बघितलं. निळा, मोकळा पडदा. एका कोपऱ्यात हळदीकुंकू.

"वा," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "किती दिवसांनी बघतोय असा."

कुलथे साहेबांनी टाय सावरत पत्र पुढं केलं. साहेबांनी ते वाचलं. मधेच थांबले. पुन्हा वरच्या ओळीपासून वाचलं.

"कितीही विंडो?"

"म्हणजे, साहेब, ते जरा..." भीमराज म्हणाले.

"उठा. मला बसू द्या."

नाशिकच्या साहेबांनी खुर्ची घेतली आणि विंडो उघडायला सुरुवात केली. एखाद्या मुलानं जत्रेत पिपाण्या वाजवाव्यात तशा त्यांनी त्या उघडल्या. यादी, यादी, पुन्हा यादी, गणकयंत्र, घड्याळ, चित्रं काढायचं पान, पत्त्यांचा डाव. पत्त्यांचा डाव ह्या मशीनमध्ये आहे हे कुलथे साहेबांना माहीत नव्हतं. निदान त्यांनी तसा चेहरा केला. खालची पट्टी भरली. मशीन घुरघुरायला लागलं.

"अडतीस," साहेब म्हणाले. "करा बंद."

भीमराज बसले. ते फार दमले होते. खांद्यातली कळ कोपरापर्यंत आली होती आणि त्यांना कुणाला काही दाखवून द्यायचं उरलं नव्हतं. म्हणूनच असेल, बोटं आपोआप चालली. विंडो नुसत्या उघडलेल्या होत्या, कुणी त्यांना फडकं लावलेलं नव्हतं. एकाही चौकटीनं काही विचारलं नाही. त्या पटापट मिटत गेल्या, दुपारच्या उन्हात एकेक दुकान शटर ओढून घेतं तशा.

"चौतीस सेकंद!" आरती ओरडली. तिला कुणी वेळ लावायला सांगितलं नव्हतं.

नाशिकचे साहेब उभे राहिले. त्यांनी रुमालानं कपाळ टिपलं.

"आमच्याकडं नाशिकला लोक सरळ मेन स्विच पाडतात," ते म्हणाले. "मी दीड वर्ष असा माणूस शोधतोय." मग त्यांनी हिरव्या शाईचं पेन काढलं आणि पत्राच्या समासात दोन ओळी लिहिल्या. कुलथे साहेबांनी त्या वाकून वाचल्या आणि भीमराजांकडं बघून डोळे मिचकावले. नंतर पत्र लखोट्यात गेलं. साहेब बूट घालून शिर्डीला गेले.

"काय लिहिलं, साहेब?" आरतीनं विचारलं.

"'विनंती योग्य. ह्यांचा उपयोग करून घ्यावा.'" कुलथे साहेबांनी टाय सोडला. "आणखी काय पाहिजे? पेढे सांगा, भिंगारदिवे."

आरतीनं त्याच दुपारी शेवगाव पहिल्यापासून घ्यायला सुरुवात केली.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी ऑर्डर आली. आसारामनं ती दोन्ही हातांनी आणून टेबलावर ठेवली. भीमराजांनी पाकीट कात्रीनं कापलं, चष्मा पुसला आणि वाचलं. श्री. भीमराज भिंगारदिवे यांची त्यांच्या विनंतीनुसार बदली करण्यात येत आहे. त्यांचे संगणकावरील असाधारण कौशल्य विचारात घेता, जेथे नव्याने संगणक दाखल झाला असून तो हाताळणारे कोणी नाही, अशा अकोले येथील कार्यालयात. येत्या सोमवारी हजर व्हावे.

आरतीनं त्यांच्या हातातून कागद घेतला आणि वाचला. मग उलटा करून मागं काही लिहिलंय का ते बघितलं.

"अकोलं?" ती म्हणाली. "ते तर पार त्या टोकाला. डोंगरात."

"भात चांगला पिकतो तिकडं," भीमराज म्हणाले.

"अर्ज करा, भाऊसाहेब. चुकून झालंय म्हणावं."

"काय लिहू? विनंतीनुसार झालीय." त्यांनी ऑर्डरची घडी घातली, पहिल्या घडीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, आणि ती शर्टाच्या खिशात मावेना म्हणून पुन्हा एक उलगडली. "आणि कौशल्याचं वाक्य चुकीचं होतं, असंही आपण लिहू शकत नाही. साहेबांच्या देखत घड्याळ लावलं होतं."

आरती खाली बघायला लागली.

"ते वाक्य मी..."

"चांगलं होतं वाक्य," भीमराज म्हणाले. "शुद्धलेखन एकदम चोख."

संध्याकाळी ते माळीवाडा स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर गेले. खर्ड्यात फोन होता शेजारच्या मुक्ताबाईंकडं. मुक्ताबाईंनी भिंतीवरून हाक मारली, भागिरथी धावत आली. तिचा दम आधी ऐकू आला, आवाज नंतर.

"काय वं? बरं हाय ना?"

"बरं हाय. ऑर्डर आली."

"आली?"

"हां. बदली झाली. पण..."

"झाली!" भागिरथीनं फोन धरूनच तिकडं तोंड फिरवलं. "मुक्ताबाई, झाली वं बदली! अठ्ठावीस वर्सांनी झाली माजी बदली!" जणू तिचीच झाली होती. मुक्ताबाईंचं हसू, कुणाच्या तरी बांगड्या, एक कोंबडी. मग एक खरखर, आणि काहीच नाही.

भीमराजांनी पुन्हा लावला. 'या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत.' तीनदा तेच ऐकून त्यांनी रिसीव्हर ठेवला. मंगळवारी वाऱ्यानं मिरजगावच्या पुढं खांब पडले. दोन दिवस लाइन गेली. गुरुवारी लागली. बूथवाल्यानं त्यांना रस्त्यात बघून स्वतः सांगितलं, "भाऊसाहेब, खर्डा लागतोय बरं का." भीमराज बूथच्या काचेच्या दारापर्यंत गेले. आत एक बाई मोठ्यानं बोलत होती आणि हसत होती. ते थोडा वेळ थांबले. तिचं झालं, ती बाहेर आली, दार त्यांच्यासाठी धरून उभी राहिली.

"नाही, काही नाही," भीमराज म्हणाले आणि सर्जेपुऱ्यातल्या आपल्या खोलीकडं चालू लागले. समोरासमोर सांगितलेलं बरं. फोनवर माणसाला बसायलाही मिळत नाही.

शनिवारी ऑफिसात आरतीनं आणलेला हार त्यांनी घालून घेतला. आसारामनं पिवळ्या फडक्याची नवी घडी त्यांना भेट दिली, अकोल्याच्या मशीनसाठी. नेहमीप्रमाणं ते पिशवी घेऊन ऑफिसातूनच स्टँडवर गेले. गाडीत खिडकीशी जागा मिळाली. कडा गावापर्यंत त्यांनी वाक्यं जुळवली, जामखेडपर्यंत ती तोडली, आणि खर्डा आलं तेव्हा त्यांच्याकडं एकच उरलं होतं, 'तीनच वर्षं तर आहेत'.

घरासमोर टेम्पो उभा होता. मागचं फळकूट पाडलेलं, आत कांद्याचा पाला. त्यांचा मेहुणा सहादू दोन माणसांना घेऊन एक खाट दारातून आत नेत होता. लोखंडी खाट. एका पायाला सुतळीनं बांधलेला लाकडाचा ठोकळा होता. ती सुतळी भीमराजांनी स्वतः बांधली होती, सर्जेपुऱ्यात, चौऱ्याऐंशी साली.

"जयभीम, दाजी!" सहादू म्हणाला. "बगा, तुमच्या आदी तुमचा संसार पोचला. सकाळी कांदं घिऊन नगरला गेल्तो. म्हनलं मोकळं कशाला यायचं? अक्कानं सांगितलंच हुतं, दाजीला कळू दिऊ नको, त्यास्नी जरा गंमत दावू. मालकाकडं दुसरी चावी हुतीच. खाट, स्टो, पंखा, पेटी, समदं आनलं. खोली बी सोडून दिली. दुसरा भाडेकरू सांच्याला यायचा हाय म्हनला मालक."

भीमराजांनी गळ्यातला हार काढला आणि पिशवीत ठेवला.

भागिरथी दारात आली. तिनं धुवट पातळ नेसलं होतं, शाळेत पंधरा ऑगस्टला नेसायची ते. हाताला पीठ होतं. मागं चुलीवर काहीतरी खरपूस भाजत होतं.

"आता उभं काय ऱ्हायलात?" ती म्हणाली. "सांगा की, खाट कुठं ठिवायची? तुमची जागा तुमीच ठरवा."

भीमराज आत गेले. खोलीत त्यांच्यासाठी एक बाजू सारवून मोकळी केली होती, भिंतीत नवा खिळा ठोकला होता, शर्टासाठी. ते वाकले, खाटेची एक बाजू धरली, आणि सहादूनं दुसरी.

"भिंतीला लावू," ते म्हणाले.

खाट भिंतीला लागली. भागिरथीनं तिच्यावर गोधडी अंथरली आणि धपाटे आणायला आत गेली. सहादू टेम्पो घेऊन जामखेडला गेला. त्याला उद्यापासून आठ दिवस लग्नाची भाडी होती. ऑर्डर अजून भीमराजांच्या खिशातच होती; सोमवारी साडेदहाला अकोल्याला हजर व्हायचं होतं. खर्ड्याहून अकोलं सव्वादोनशे किलोमीटर होतं.